शेपूट जिरते आणि पिल्लू मरतं: घरातल्या बेडकाच्या पिल्लांचं नेमकं कुठे चुकतं

पहिला दणक्याचा पाऊस होतो आणि थोड्याच दिवसांत गोठ्याजवळच्या हौदात, गच्चीवरच्या उघड्या टाक्यात, उन्हाळ्यापासून तशाच पडलेल्या कूलरच्या टाकीत काळे ठिपके वळवळायला लागतात. पोरं ते बाटलीत भरून घरात आणतात. चार-पाच आठवडे सगळं छान चालतं. मागचे पाय फुटतात, मग पुढचे, शेपूट आखूड होते, आणि "झाला बेडूक" म्हणेपर्यंत एकेक पिल्लू मरायला लागतं. आठ-दहा दिवसांत डबा रिकामा. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

यावर ठरलेलं उत्तर असतं, "पाणी बाधलं" किंवा "बेडूक घरात जगतच नाही". पाणी कधीकधी बाधतं, ते पुढे येईल. पण बहुतेक वेळा गोष्ट साधी असते. टॅडपोल म्हणजे बेडूकमासा, आणि त्याला लागतं ते पाणी. पिल्लू म्हणजे हवेत श्वास घेणारा जीव. डबा तोच राहतो, आतला प्राणी मात्र बदललेला असतो.

पहिल्यांदा मरणाचा दिवस बघा. पुढचे पाय फुटल्यावर पहिल्या दोन दिवसांत मेलं असेल तर ते बहुधा बुडून. पाण्यातला प्राणी पाण्यात बुडतो हे पटत नाही, पण होतं तेच. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी गेलं तर कोरडं पडून, नाहीतर पाण्यातल्या औषधाने. आठवड्यानंतर, हडकून, पोट आत गेलेलं असेल तर उपासमार. या चार कारणांत बहुतेक डबे उरकतात. रोग हे पाचवं, आणि पहिली चार सांभाळली तर तो फारसा गाठत नाही.

बुडण्याचं कारण असं. पुढचे पाय बाहेर येतात त्याच सुमारास कल्ले बंद होत जातात आणि श्वासाचं काम फुप्फुसांवर येतं. शेवाळ खरवडणारं चोचीसारखं तोंड मोडून रुंद जबडा तयार होतो, लांब गुंडाळीचं आतडं आखूड होतं. हे बांधकाम चालू असताना पिल्लू काहीच खात नाही. शेपूट हीच त्याची शिदोरी. ती गळून पडत नाही, अंगात जिरते. या तीन-चार दिवसांत त्याला पोहायची ताकद नसते, आणि गुळगुळीत भिंतीच्या बरणीत चढायला जागा नसते. म्हणून नियम एकच: पहिल्या पिल्लाचा एक जरी पुढचा पाय दिसला, तरी त्याच दिवशी त्याला उथळ डब्यात हलवायचं. उद्यावर टाकायचं नाही. आणि शेपटीचा नुसता बुंधा उरेपर्यंत खाणं द्यायचं नाही. ते पाण्यात कुजून अमोनिया तयार करतं, एवढाच त्याचा उपयोग.

आधी कोण आहे ते ओळखा

काळजी यावरच ठरते. लांबी तोंडाच्या टोकापासून बुडापर्यंत मोजायची, त्यात पाय मोजायचे नाहीत. खान्देशात घरात येणारी पिल्लं साधारण पाच-सहा प्रकारची असतात.

जेमतेम १ सेंटिमीटरचं, काळपट, उड्या मारण्यापेक्षा चालणारं आणि एकाच दिवशी शेकड्याने पाण्याबाहेर निघणारं पिल्लू म्हणजे भेक, ज्याला आपण टोड म्हणतो. मोठेपणी दिसणारी खरखरीत कातडी आणि डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथी या वयात नीट दिसत नाहीत, त्यामुळे लोक फसतात. टॅडपोल लहान, काळेकुट्ट आणि घोळक्याने फिरणारे होते का ते आठवा.

पाठीवर लांब उभ्या घड्या, हिरवट रंग, बऱ्याचदा मधोमध फिकी रेघ आणि मागच्या बोटांत टोकापर्यंत पडदा असेल तर तो टायगर बेडूक. पावसाळ्यात ज्याचे नर पिवळेजर्द होऊन डबक्यात ओरडतात तोच. याचे टॅडपोल मांसाहारी असतात आणि दुसऱ्या जातीचे टॅडपोल खातात. "डब्यातले रोज दोन-तीन कमी होतात, मेलेले मात्र सापडत नाहीत" ही तक्रार असेल तर चोर हाच. पिल्लंसुद्धा आपल्याहून लहानाला गिळतात, म्हणून प्रत्येकाला वेगळा डबा.

पडदा पूर्ण आहे, पण पाठीवर लांब घड्या नाहीत, बारीक फोडासारखे उंचवटे आहेत, डोळे डोक्यावर वर आलेले आहेत, आणि हात लावला की पाण्याच्या पृष्ठभागावरूनच टणाटण उड्या मारत पळतं, तर तो विहिरीत आणि शेततळ्यात कायम दिसणारा पाणबेडूक. याला इतरांपेक्षा जास्त पाणी चालतं, ३ सेंटिमीटरपर्यंत.

बोटांच्या टोकाला गोल चकत्या, लांबसडक पाय, काचेवर सरळ चढतं: झाडबेडूक. याची अंडी पाण्यात नसतात. टाक्याच्या काठाला किंवा पाण्यावर झुकलेल्या पानाला साबणाच्या फेसासारखा गोळा चिकटलेला दिसतो, त्यात असतात. घाण समजून तो खरवडून टाकू नका. त्यातले बेडूकमासे आपोआप खाली पाण्यात पडतात. याला उंच डबा आणि आडवी काडी लागते. झाकण ढिलं राहिलं तर दुसऱ्या दिवशी पलंगामागे वाळलेला सापडतो.

आखूड, गुबगुबीत, मागच्या टाचेला खुरप्यासारखा कडक उंचवटा आणि मातीत पाठमोरं घुसतं, तर बिळं करणारा बेडूक. याला ३-४ इंच ओलसर रेताड माती द्या. काळी माती नको, ती अंगाला चिकटते आणि वाळली की दगड होते. आणि डोकं निमुळतं, अंग एवढंसं, पाठीवर गडद नक्षी असेल तर तो मायक्रोहायला नावाचा छोटा बेडूक. त्याचे टॅडपोल काचेसारखे पारदर्शक असतात. त्याला घरात पुरेल इतकं बारीक खाणं मिळवणं अवघड, म्हणून शेपूट जिरली की त्याच संध्याकाळी बाहेर सोडलेला बरा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकू. हे सगळे रानटी प्राणी आहेत. टायगर बेडकाला वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ चं संरक्षण आहे, तो १९८५ पासून सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि बेडकाच्या तंगड्यांची निर्यात आपल्याकडे १९८७ पासून बंद आहे. म्हणजे डबक्यातून पकडून आणून "पाळणं" हा पर्यायच नाही. आपल्याच हौदात किंवा कूलरमध्ये जन्मलेली आणि पाणी उपसताना नालीत जाणारी पिल्लं वाचवून चार दिवसांनी सोडणं, एवढ्यापुरतंच हे लिखाण आहे.

डबा

महाग मत्स्यालय लागत नाही. साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचा बुटका प्लास्टिकचा डबा घ्या. एका टोकाखाली दीड-दोन सेंटिमीटरची लाकडी पट्टी सरकवा, की डबा तिरका होतो. खालच्या टोकाला १ सेंटिमीटर पाणी, वरचं टोक कोरडं. उतार सलग असल्याने पिल्लू कुठूनही चालत वर येतं. मध्येच ठेवलेल्या गुळगुळीत दगडावर त्याला चढता येत नाही, आणि बुडालेली बरीच पिल्लं दगडाच्या कडेलाच सापडतात. वरच्या टोकाला धुतलेल्या जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा ओला तुकडा अंथरा. नारळाचा भुसाही चालतो, पण पहिला आठवडा कापड सोपं. विष्ठा दिसते, रोज बदलता येतं. बारीक खडी टाकू नका, किड्याबरोबर गिळली जाते. फुटक्या माठाची खापरी पालथी घातली की लपायला जागा झाली. वर मच्छरदाणीचा तुकडा आणि रबर. टोडची दहा पिल्लं, इतरांची तीन-चार, याहून जास्त दाटी नको.

डबा ठेवायचा तो घरातल्या थंड कोपऱ्यात, जमिनीवर. २४ ते ३० अंश ठीक. पावसाने दडी मारली की ऑगस्टमध्येही पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून कितीतरी वर जातं, आणि उन्हाची तिरीप पडलेला काचेचा डबा अर्ध्या तासात भट्टी होतो. उलट बाजूची चूक म्हणजे "गरम होत असेल" म्हणून पंख्याच्या किंवा कूलरच्या झोतात ठेवणं. १ सेंटिमीटरचं पिल्लू वाऱ्यात कापडासारखं वाळतं. डोळे आत गेलेले, पाय पोटाखाली घट्ट, अंगावर सुरकुती दिसली तर खोलीच्या तापमानाच्या ३ मिलिमीटर पाण्यात अर्धा तास सावलीत ठेवा. फ्रीजचं पाणी नको. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाखालच्या कातडीने शोषतो. चमच्याने पाजण्याचा उद्योग करू नये.

पाणी

कातडीतून पाणी आत जातं, म्हणजे पाण्यातलं सगळंच आत जातं. इथे घराघरांतल्या चांगल्या सवयीच आड येतात.

पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ येतं, म्हणून क्लोरीन जास्त पडतं आणि वर घरात तुरटी फिरवली जाते. माणसाला दोन्ही चालतं, पिल्लाला दोन्ही नको. नळाचं पाणी रुंद तोंडाच्या बादलीत २४ तास उघडं ठेवलं की साधं क्लोरीन उडून जातं. ज्यांच्याकडे नळ दोन-चार दिवसांआड येतो त्यांना हे पाणी आयतंच तयार असतं, फक्त ते तुरटीचं नसावं. तांब्याच्या हंड्यातलं पाणी अजिबात वापरू नका. तांबं बेडूकमाशांना विषारी आहे, आणि "शुद्ध पाणी" म्हणून नेमकं तेच ओतलं जातं. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, नुसतं तेच देणंही बरोबर नाही. स्वच्छ भांड्यात धरलेलं पावसाचं पाणी आणि शिळं केलेलं नळाचं पाणी निम्मं-निम्मं, हे सगळ्यात बिनघोर. बोअरचं पाणी जड असलं तरी चालतं.

डेंग्यूच्या दिवसांत साठवणीच्या टाक्यात अळीनाशक टाकतात. असं पाणी बाद. त्याच खोलीत मच्छर अगरबत्ती, लिक्विडचं यंत्र किंवा स्प्रे सुरू असेल तर डबा दुसऱ्या खोलीत न्या. त्यातली पायरेथ्रॉइड औषधं किड्यांसाठी असली तरी बेडकालाही लागतात. फरशी फिनाइलने पुसल्यावर डबा लगेच खाली ठेवू नये. डबा धुताना साबण नाही, नुसतं गरम पाणी आणि नारळाची शेंडी.

पाणी रोज बदलायचं. वास येण्याची वाट बघायची नाही, वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

खाणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. टॅडपोल पालक, उकडलेलं अंडं, माशांचं खाणं, सगळं खात होता, म्हणून पिल्लालाही तेच टाकलं जातं. पिल्लू हलणारंच खातं. समोर पडलेला स्थिर तुकडा त्याच्या लेखी खडा. आणि घास त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. म्हणजे टोडच्या पिल्लाला माशी मोठी, डास मोठा, रातकिड्याचं पिल्लूही मोठं. उरतात चिलटं, उधई, पाल्याखालचे बारीक किडे.

चिलटांची सोय केळीच्या मुलखात फुकट होते. अति पिकलेलं, साल काळी पडलेलं अर्धं केळं सालीसकट अर्ध्या लिटरच्या रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा. बरणी दोन दिवस उघडी ठेवली की चिलटं जमतात आणि अंडी घालतात. मग पातळ कापड बांधा. आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडायला लागते. म्हणून पहिली बरणी टॅडपोलचे मागचे पाय फुटतात तेव्हाच लावायची, आणि दर पाच दिवसांनी नवी. पुढचे पाय बघून धावपळ केली तर चिलटं येईपर्यंत पिल्लू उपाशी मरतं. आठवड्याने मरणाऱ्या पिल्लांची गोष्ट बहुधा इतकीच असते. चिलटं डब्यात घालताना उडून जातात, त्याला उपाय: बरणी तीन-चार मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, सुस्त झालेली चिलटं मच्छरदाणीखाली झटका. आत बाटलीच्या झाकणात केळ्याचा बोटभर तुकडा ठेवला की ती तिथेच घुटमळतात आणि पिल्लू झाकणाशेजारी दबा धरून बसतं. मान किंचित पुढे, मागच्या पायाचं एक बोट थरथरतं, आणि चिलट नाहीसं झालेलं असतं. जीभ डोळ्याला दिसत नाही.

सकाळ-संध्याकाळ मिळून एका टोडच्या पिल्लाला १५-२० चिलटं द्या. झाडबेडकाला अंधार पडल्यावरच; दिवसा तो झोपलेला असतो आणि "खात नाही" म्हणून उगाच काळजी केली जाते.

उधई उत्तम. ओला पुठ्ठा उधईच्या लाकडाशेजारी दोन दिवस ठेवला की भरून येतो. पण औषध मारलेल्या घराची किंवा शेताची नको. फवारणी चालू असलेल्या कपाशीवरचा मावा, तुडतुडे नकोत. रुईच्या झाडावरचा पिवळा मावाही नको, रुईच्या चिकाचं विष त्याच्या अंगात साठलेलं असतं. दोन आठवड्यांहून जास्त नुसत्या चिलटांवर ठेवलं तर हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय थरथरतात. अंड्याचं कवच उकळून, वाळवून, पिठासारखं वाटून चिलटांवर चिमूटभर भुरभुरवणं हा तात्पुरता उपाय. पानाला लावायचा चुना हा कॅल्शियमचा पर्याय नाही, तो कातडी भाजतो.

एवढं करूनही काही दिसलं तर

अंगावरून पारदर्शक पापुद्रा सुटतोय आणि पिल्लू तोच तोंडात ओढतंय, तर ती कात आहे. बुरशी नाही, ओढून काढू नका. बुरशी कापसासारखी, पांढरी, झुपक्याने, आणि बहुतेक जखमेच्या जागी दिसते. तिथे पाणी दिवसातून दोनदा बदलणं आणि पिल्लू वेगळं काढणं एवढंच घरी करण्यासारखं.

पुढचे पाय काडीसारखे बारीक, अंग उचलता येत नाही, पिल्लू छातीवर घसटत चालतं. हा दोष टॅडपोल असतानाच झालेला असतो आणि नंतर भरून येत नाही. तुम्ही डब्यात काही चुकवलं म्हणून नाही झालं.

मांड्यांच्या आतली बाजू लालबुंद, पिल्लू सुस्त: जिवाणूंचा संसर्ग. घाण पाणी आणि दाटी यातून येतो आणि भराभर पसरतो. ते पिल्लू लगेच वेगळं, बाकीचा डबा गरम पाण्याने धुऊन नवं कापड, आणि पशुवैद्याला दाखवा. हळद, निंबाच्या पाल्याचा रस, मिठाचं पाणी यातलं काही लावू नका. जे जखमेवर माणसाला चालतं ते या कातडीवर थेट रक्तात जातं. पोट फुग्यासारखं ताणलं आणि कातडीखाली पाणी साचलेलं दिसलं तरी हेच. फुगा एका बाजूला आणि टणक असेल तर मोठा घास किंवा खडा अडकलेला असण्याची शक्यता जास्त. उथळ कोमट पाण्यात बसवा आणि दोन दिवस खाणं बंद.

पकडायचं तर हात शिळ्या पाण्याने ओले करून, साबण-तेल-क्रीमशिवाय. नंतर हात धुवायचेच, विशेषतः टोड हाताळल्यावर. त्याच्या कातडीतलं विष डोळ्याला झोंबतं.

सोडताना

जितके दिवस कमी तितकं पिल्लू वाचण्याची शक्यता जास्त. शेपूट पूर्ण जिरली आणि दोन-तीन दिवस स्वतः शिकार केली की सोडा. वेळ संध्याकाळची, पाऊस पडून गेल्यावर. जागा जिथून आली तीच, किंवा तिच्या हाकेच्या अंतरावर. यावलचं पिल्लू शिरपूरला नेऊन सोडू नका, त्याबरोबर रोगही प्रवास करतात. पाण्याच्या मधोमध टाकू नका. काठावरच्या गवतात, केळीच्या बुंध्याशी साचलेल्या ओल्या पाल्यात ठेवा. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात तर नकोच, त्यातून मोठ्या बेडकालाही वर येता येत नाही. कडेला जुनं पोतं किंवा दोरखंड लोंबतं सोडलं तर आधीच पडलेलेही बाहेर येतात.

पांढरा-गुलाबी बेडूक दुकानातून आणला असेल तर

वरचं सगळं उलटं करा. माशांच्या दुकानात मिळणारं बोटाच्या पेराएवढं पांढरट पिल्लू म्हणजे बहुधा दक्षिण आफ्रिकेतला नखवाला बेडूक. मागच्या पायाच्या तीन बोटांना नखं, जीभ नाही, पापण्या नाहीत, अंगावर टाके घातल्यासारख्या रेघा. पुढची बोटं सुटी असतील तर हाच. पुढच्या बोटांतही पडदा असेल तर तो बुटका आफ्रिकी बेडूक, जो ३-४ सेंटिमीटरवर थांबतो. नखवाल्याची मादी मात्र १० सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि पंधरा-वीस वर्षं जगते, हे विकताना कोणी सांगत नाही.

हा आयुष्यभर पाण्यातच राहतो. "बिचाऱ्याला जमीन हवी" म्हणून उथळ डब्यात ठेवला तर वाळून मरतो. एकाला निदान ४० लिटर पाणी, घट्ट जाळीचं झाकण, गांडुळाचे तुकडे किंवा बुडणाऱ्या गोळ्या एक दिवसाआड. लहान मासे बरोबर ठेवलेत तर ते खाणं समजा. याला विहिरीत, नाल्यात, तापीत सोडू नका. चिली आणि फ्रान्समध्ये सुटलेल्या अशाच बेडकांनी तिथे ठाण मांडलं आहे.

याचा खरा प्रश्न मे महिन्यात येतो. त्याला १८ ते २४ अंश लागतात, आणि जळगाव-भुसावळकडे बाहेर ४४ असताना टाकीतलं पाणी सहज ३२ च्या वर जातं. आधी तो खाणं सोडतो, मग सारखा वर येऊन हवा घेतो, मग आडवा तरंगतो. टाकी उत्तरेकडच्या खोलीत जमिनीवर आणा, झाकणाच्या जाळीवर छोटा पंखा लावा, आणि अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली बंदच पाण्यात तरंगत सोडा. थर्मामीटर बघत राहा: तासाला दोन अंशांहून जास्त उतरलं तर बाटली काढून घ्या.